मुंबईत घडलेली विलायती तबकडी

वाचकहो, विलायती रॉक संगीताचं नाव काढलं की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे लांब केस वाढवलेली पोरं, कर्कश गिटार आणि कानठळ्या बसवणारे ढोल उभे राहतात. ते चित्र अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण आज जिच्याविषयी सांगणार आहे ती एका जगप्रसिद्ध रॉक गिटारवादकाची, एकट्याच्या नावावर निघालेली पहिली तबकडी आहे. तिच्यावर सुई टेकली की पहिल्या प्रथम कानी काय पडतं? गिटार नाही. सनई! लग्नमांडवाच्या दारी आणि देवळाच्या नगारखान्यात वाजते तीच सनई, आणि तिच्यामागे पेटीचा धरलेला सूर.

या तबकडीचं नाव 'वंडरवॉल म्युझिक'. ती १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडात निघाली. गिटारवादकाचं नाव जॉर्ज हॅरिसन.

हॅरिसनचा जन्म १९४३ साली लिव्हरपूल या बंदराच्या गावी झाला. चार जणांच्या 'बीटल्स' या मंडळीत तो वयाने सगळ्यांत धाकटा आणि मुख्य गिटार वाजवणारा. बहुतेक गाणी लेनन आणि मॅकार्टनी या दोघांची असत. जॉर्जच्या वाट्याला एका तबकडीत एखाद-दुसरं गाणं यायचं. एकत्र कुटुंबातल्या धाकट्या भावाला स्वतंत्र वावर मिळावा, तशी ही पहिली एकट्याची तबकडी त्याला मिळाली. बीटल्सपैकी कोणीही स्वतःच्या नावावर काढलेली ही पहिलीच संपूर्ण तबकडी. एवढंच नव्हे, तर त्या चौघांनी 'ॲपल' नावाची स्वतःची कंपनी काढली, तिची पहिली मोठी तबकडीही हीच. आता गंमत बघा. अशी संधी आल्यावर कोणीही आपली गिटार पुढे केली असती. या गड्याने ती जवळजवळ बाजूला ठेवली, तोंडाने एक गाणंही गायलं नाही आणि मुंबईला येऊन आपल्या कलावंतांना वाजवायला बसवलं.

हे झालं कसं, ते थोडक्यात सांगतो. १९६५ साली 'हेल्प' या चित्रपटाच्या चित्रीकरणाच्या वेळी हॅरिसनने सतार प्रथम पाहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस बीटल्सच्या एका गाण्यात ती त्याने वाजवलीसुद्धा, आणि विलायतेत एकदम सतारीची हवा पसरली. पण ते वाजवणं नवशिक्याचं होतं, आणि हे त्याला स्वतःला कळत होतं. १९६६ साली पंडित रविशंकरांची गाठ पडली आणि त्याच वर्षी तो शिकायला म्हणून मुंबईला आला. गर्दीने पाठ सोडली नाही, तेव्हा गुरुशिष्य काश्मीरला गेले. या शिक्षणात रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांचाही हात होता.

मग १९६७ साली जो मॅसॉट नावाचा दिग्दर्शक त्याच्याकडे आला. 'वंडरवॉल' नावाचा चित्रपट तो करत होता. एक विसराळू म्हातारा शास्त्रज्ञ, सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसणारा. त्याच्या खोलीच्या भिंतीला भोक पडतं आणि त्यातून शेजारच्या तरुण मुलीचं रंगीबेरंगी जग त्याला दिसू लागतं. बस्स, एवढीच गोष्ट. संवाद अगदी थोडे, म्हणून संगीताला जागा मोठी. हॅरिसन म्हणाला, चित्रपटाचं संगीत मला येत नाही. दिग्दर्शक म्हणाला, तू जे देशील ते मी घेईन. असं मोकळं कुरण मिळाल्यावर त्याने ठरवलं की या निमित्ताने आपल्या देशबांधवांना हिंदुस्थानी संगीताची निरनिराळी वाद्यं आणि ढंग थोडे थोडे ऐकवायचे. चावीचं टिकटिक घड्याळ हातात घेऊन तो चित्रपट पाहायला बसला. हा प्रसंग इतके सेकंद, तो तितके, अशी टिपणं केली. म्हणून या तबकडीवरचे १९ तुकडे बहुतेक दोन-तीन मिनिटांच्या आतले आहेत.

जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईला आला. फोर्टात एच.एम.व्ही. कंपनीचा स्टुडिओ होता. तिथलं यंत्र मात्र एकाच मार्गाचं होतं. एकाच मार्गाचं म्हणजे काय? सगळ्या वाद्यांचा आवाज एका पट्टीत मिसळून फितीवर उतरतो. दोन मार्गांचं यंत्र असलं तर एक वाद्य डाव्या अंगाला, दुसरं उजव्या अंगाला असं वेगळं ठेवता येतं आणि ऐकणाऱ्याला समोर बैठक मांडल्यासारखी वाटते. तसं यंत्र होतं कलकत्त्याला. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे प्रमुख अधिकारी भास्कर मेनन यांनी ते आगगाडीतून मुंबईला आणून दिलं. आज खिशातल्या मोबाइलवर दोन मार्गांचं ध्वनिमुद्रण होतं. तेव्हा त्यासाठी अर्धा हिंदुस्थान ओलांडावा लागला.

दुसरी अडचण आवाजाची. स्टुडिओ वर, खाली कचेऱ्या, आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय नाही. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावर पावलांचा धडधडाट व्हायचा आणि ध्वनिमुद्रण थांबवावं लागायचं. हॅरिसनने पुढे हे स्वतः सांगितलं आहे. काही तुकड्यांत लक्ष देऊन ऐकलं तर रस्त्यावरच्या टॅक्सीसुद्धा ऐकू येतात असंही तो म्हणाला. दोनच मार्ग असल्यामुळे मागाहून चूक दुरुस्त करायला वाव थोडा. सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि एका दमात वाजवायचं. आपल्या वादकांना त्यात नवल ते काय? त्यांची सगळी हयात तशाच बैठकीत गेलेली.

आता तुकड्यांकडे वळू. एकोणीसच्या एकोणीस सांगत बसत नाही. विलायती ढंगाचे जे आहेत, ते लंडनमध्ये लिव्हरपूलच्याच 'रेमो फोर' या मंडळींकडून वाजवून घेतलेले आहेत. रविशंकरांकडे शिकलेला जॉन बारहम हा इंग्रज पियानोवादकही त्यात होता. एकात एरिक क्लॅप्टन या नामांकित वादकाची गिटार कडाडते. ऐकायला मजा येते, पण चित्र डोळ्यांपुढे नसलं तर त्यांतले काही रिकामे वाटतात. सगळा जीव मुंबईच्या तुकड्यांत आहे, असं माझं मत आहे.

शिक्षकमित्रांनी वर्गात ऐकवावा असा एक तुकडा आहे, 'तबला अँड पखवाज'. जेमतेम मिनिटाभराचा. महापुरुष मिश्र यांची ही वाद्यं. आपल्या भजनी मंडळातला पखवाज मुलांच्या ओळखीचा असतो. एकच लांबट खोड, दोन्ही तोंडांना कातडं, आणि डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी कणकेचा लेप. त्याचा बोल खुला, घुमणारा, पंजाने काढलेला. तबल्याची भांडी दोन, आणि शाई कायमची बसवलेली. बोल बोटांच्या टोकांतून निघतो, नेमका आणि चपळ. मुलांना डोळे मिटून ऐकू द्या आणि आता कोणतं वाजतंय ते विचारा. दोन-तीनदा ऐकल्यावर निम्मा वर्ग बरोबर सांगू लागेल.

'क्राइंग' या तुकड्यात रडण्याचा आवाज हवा होता. त्यासाठी विनायक व्होरा यांनी तारशहनाई वाजवली. हे वाद्य खेड्यापाड्यांत फारसं पाहायला मिळत नाही म्हणून सांगतो. नावात शहनाई असली तरी हे फुंकून वाजवायचं वाद्य नव्हे. एसराज किंवा दिलरुबा गजाने वाजवतात, त्याच जातीचं ते आहे. त्याला जुन्या ग्रामोफोनला असायची तशी ध्वनिपेटी आणि कर्णा जोडलेला असतो. तारेचा कंप पडद्यावर जातो, कर्ण्यातून मोठा होऊन बाहेर येतो, आणि स्वर सनईसारखा रडवेला लागतो. म्हणजे गाणं वाजवून दाखवणाऱ्या यंत्राचाच एक अवयव घेऊन आपल्याकडे कोणीतरी नवं वाद्य केलं, आणि ते पुन्हा तबकडीवर चढलं.

'इन द पार्क' मध्ये शिवकुमार शर्मा यांचं संतूर आहे. सुमारे शंभर तारा आणि दोन हलक्या लाकडी कलमा. काश्मीरच्या सूफी गायनातलं हे साथीचं वाद्य रागसंगीताच्या बैठकीत बसवण्यात शिवकुमारांनी आयुष्य घातलं. १९६८ साली ते अवघे तिशीचे होते.

'गत किरवाणी' हा सरोदचा जलद तुकडा सव्वा मिनिटाच्या आसपासचा. किरवाणी मूळ कर्नाटक संगीतातला राग. गंधार आणि धैवत कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. हेच सप्तक युरोपच्या संगीतातही फार दिवसांपासून वापरात आहे. त्यामुळे इंग्रजी कानाला हा राग परका वाटत नाही. परक्या गावात ओळखीचा माणूस भेटावा, तसं होतं.

आणि 'लव्ह सीन'. हा लंडनमध्ये मुद्रित झाला. वाजवणारे आशिष खाँ, म्हणजे मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे नातू आणि अली अकबर खाँचे चिरंजीव. प्रसंग दोन प्रेमिकांचा. खाँसाहेबांनी मांज खमाजच्या अंगाने सरोद वाजवली. मग हॅरिसनने सुचवलं की तेच मुद्रण ऐकत त्याच्यावर दुसरी सरोद आपणच वाजवा. सवाल करणारेही आशिष खाँ, जवाब देणारेही तेच. माझ्या कानाला ही सबंध तबकडीतली सर्वांत गोड जागा वाटते. आपली जुगलबंदीची चाल आणि त्यांची यंत्राची करामत, दोन्ही इथे एकमेकांच्या उपयोगी पडली आहेत.

इथे जाणकार वाचक विचारतील, अहो, सव्वा मिनिटात राग कसला? आलाप कुठे, बढत कुठे? शंका रास्त आहे. या तुकड्यांत रागाचा चेहरा दिसतो, स्वभाव कळायला वेळ मिळत नाही. तरी एक लक्षात घ्या. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटंच बसायची. त्या तेवढ्यात अब्दुल करीम खाँनी आणि हिराबाई बडोदेकरांनी गाऊन ठेवलं, आणि ते ऐकूनच गावोगावच्या माणसांना ख्यालाची गोडी लागली. थोडक्यात मांडण्याची विद्या आपल्या कलावंतांना नवी नव्हती.

आता जरा नाजूक गोष्ट. तबकडीवर संगीतकार म्हणून सर्व तुकड्यांपुढे एकच नाव आहे, जॉर्ज हॅरिसन. प्रसंग त्याने निवडले, काय हवं ते गाऊन-वाजवून सांगितलं, सगळं जुळवलं, हे खरंच. पण सरोदची गत ज्याच्या बोटांतून निघाली, ज्याने ती घराण्यात बसून वर्षानुवर्षं घोटली, त्याचा त्या रचनेत वाटा किती? रागसंगीतात वाजवणारा हाच पुष्कळसा रचनाकार असतो. विलायतेच्या कायद्याला आणि कागदपत्रांना ही आपली रीत ओळखीची नव्हती. त्यामुळे रकान्यात एकच नाव गेलं. दुसऱ्या बाजूने हेही म्हटलं पाहिजे की वाजवणाऱ्यांची नावं वेष्टनावर वाद्यांसह छापली गेली. त्या काळी मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या शेकडो वादकांची नावं कुठेही छापली जात नव्हती. सनईची धून घराघरात पोचायची, सनईवाला अनामिकच राहायचा. इथे वाजवणाऱ्यांच्या यादीत हॅरिसनने स्वतःचं नाव घातलं नाही, इतरांची घातली.

घातली, पण स्पेलिंगची दैना झाली! विनायक व्होरांचे 'विनाइक' झाले आणि सतारवादक इंद्रनील भट्टाचार्यांचे 'इंद्रिल'. सूरबहार वाजवणाऱ्याचं नाव नुसतं चंद्रशेखर म्हणून पडलं आहे. ते चंद्रशेखर नारिंग्रेकर. नारिंग्रे हे देवगडाकडचं गाव, तेव्हा आडनावावरूनच माणूस कुठला ते आपल्याला समजतं. बासरीवर एस. आर. केंकरे आहेत, हेही आडनाव आपल्या गोमंतकाकडचं. आणि सनईवाले हनुमान 'जादेव' असं जे छापलंय, ते माझ्या मराठी कानाला सरळ 'जाधव' ऐकू येतं. परदेशातल्या पुस्तकांतून ते अजून जादेवच आहेत. पहिल्या छपाईत पडलेली चूक अशी पिढ्यान्‌पिढ्या चालते. हजेरीपटावर मुलाचं नाव एकदा चुकीचं चढलं की दाखल्यापर्यंत चुकीचंच जातं, हे शिक्षकांना मी काय सांगावं?

तबकडीच्या वेष्टनाचीही एक हकीकत आहे. बॉब गिल नावाच्या चित्रकाराने चित्र काढलं. मध्ये विटांची उंच भिंत, अलीकडे टोपी घातलेला एक सभ्य इंग्रज गृहस्थ, पलीकडे भारतीय स्त्रिया. हॅरिसनला चित्र आवडलं, पण त्याने भिंतीतली एक वीट काढायला लावली. म्हणाला, त्या बिचाऱ्याला पलीकडे डोकावायची संधी तरी असू दे.

चित्रपट मे १९६८ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला आणि पुढे लोक त्याला विसरले. तबकडी अमेरिकेच्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत चढली, इंग्लंडात यादीतही आली नाही. तीनच आठवड्यांनी बीटल्सची पांढऱ्या वेष्टनाची जोडतबकडी आली आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं. मग ही दुर्मीळ झाली. १९९२ साली ती सीडीच्या रूपाने पुन्हा निघाली, पण जशीच्या तशी. १९९५ साली एका इंग्रजी मंडळींच्या 'वंडरवॉल' या गाण्याने जग गाजवलं. त्या गाण्याचं नाव या तबकडीवरूनच घेतलेलं होतं. नाव सगळ्यांच्या तोंडी झालं, मूळ तबकडी मात्र थोड्यांनीच ऐकलेली राहिली.

हॅरिसन २००१ साली वारला. २०१४ च्या सप्टेंबरात त्याच्या पत्नी ऑलिव्हिया आणि मुलगा धनी यांच्या देखरेखीखाली त्याच्या ॲपल कंपनीच्या काळातल्या सहा तबकड्या नव्याने निघाल्या. त्यांत 'वंडरवॉल म्युझिक'ची वाढीव आवृत्ती होती. आपल्या मुलाचं नाव त्याने धनी ठेवलं ते 'ध' आणि 'नी' या स्वरांवरून, हे जाता जाता सांगतो.

नव्याने काढणं म्हणजे पुन्हा वाजवणं नव्हे. मूळ ध्वनिमुद्रण चुंबकीय फितीवर असतं. तबकडी ही त्या फितीची नक्कल, आणि नकलेत थोडी तरी गळती होतेच. फीत नीट जपली असेल तर कुशल तंत्रज्ञ मूळ फितीवरून पुन्हा उतरवून घेतात. खरखर कमी करतात, मंद्र आणि तार आवाजांचा तोल सावरतात. चांगलं झालं तर काच पुसल्यासारखं होतं. हात जड पडला तर मूळचा गोडवाही पुसला जातो. या तबकडीच्या बाबतीत काम नेमस्त झालं आहे. सनईच्या मागची पेटी आणि तबला-तरंगाची एकेक थाप आता सुटी ऐकू येते.

वाढीव आवृत्तीत जे जादा घालतात, त्याविषयी सावध असावं. पुष्कळ कंपन्या खळ्यातलं मातेरं झाडून पोत्यात भरतात आणि भाव मात्र नव्या धान्याचा लावतात. इथे जादा तुकडे तीनच आहेत आणि तिन्ही ऐकण्याजोगे आहेत.

पहिला रेमो फोरचं गाणं, 'इन द फर्स्ट प्लेस'. हॅरिसनने ते मुद्रित करवलं होतं, पण चित्रपटाला नुसतं वाद्यसंगीतच हवं आहे असं समजून कोणाला दिलंच नाही. पुढे तीसएक वर्षांनी चित्रपटाची डागडुजी निघाली तेव्हा फितीवर ते सापडलं. १९९९ साली प्रथम निघालं, तेही हॅरिसनच्या आग्रहाने रेमो फोरच्याच नावावर.

दुसरा तुकडा मुंबईचा, 'ऑल्मोस्ट शंकरा'. शंकरा हा आपला रात्रीचा जोरकस राग, मध्यम वर्ज्य. तुकड्याचं नाव म्हणतं 'जवळजवळ शंकरा', तेव्हा आपण जाणकारांनी कान टवकारून पाहावं की जवळजवळ म्हणजे नेमकं किती. पाचेक मिनिटांचा हा तुकडा चित्रपटात बसला नाही आणि ४६ वर्षं फितीतच पडून राहिला. मूळ तबकडीतल्या सव्वा-दीड मिनिटांच्या तुकड्यांनी ज्यांची तहान भागली नाही, त्यांनी हा आधी लावावा. इथे वादकांना जरा पाय पसरायला जागा मिळाली आहे.

तिसरा सर्वांत मोलाचा. त्याच मुंबईच्या मुक्कामात, त्याच स्टुडिओत हॅरिसनने एका गाण्याचं संगीतही मुद्रित करून घेतलं, 'द इनर लाइट'. केंब्रिजला संस्कृत शिकवणारे हुआन मास्कारो यांनी 'ताओ ते चिंग' या प्राचीन चिनी ग्रंथातल्या एका वचनाला चाल लावून पाहा, असं त्याला पत्राने सुचवलं होतं. लंडनला परतल्यावर फेब्रुवारीत त्याने त्यावर आपला आवाज चढवला. १५ मार्च १९६८ रोजी ते बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या मागच्या बाजूला निघालं. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर हॅरिसनचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ. त्यात विलायती वाद्य एकही नाही. वाढीव आवृत्तीत याच गाण्याचं मुंबईत झालेलं दुसरं एक मुद्रण घातलं आहे, शब्दांवाचून. वर आवाज नसल्यामुळे सरोद, सनई, बासरी, पखवाज आणि पेटी यांनी एकमेकांना जागा कशी करून दिली ते उघडं ऐकता येतं.

आज ही तबकडी मोबाइलवरही मिळते. नाव इंग्रजीत लिहून शोधा, आणि नावापुढे २०१४ हे वर्ष आहे ना ते पाहून घ्या, म्हणजे तिन्ही जादा तुकडे हाती लागतील. मोबाइलच्या भोंग्यावर मात्र ऐकू नका, सूरबहार त्यातून निघतच नाही. कानाला लावायचं साधन किंवा शाळेतला बरा भोंगा असला तर उत्तम. पहिल्या दिवशी 'मायक्रोब्ज', 'तबला अँड पखवाज' आणि 'लव्ह सीन' एवढेच तीन लावा. मुलांना वाजवणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून द्या, शुद्ध लिहून. आणि मुंबईचे तुकडे लावाल तेव्हा वर्गाची खिडकी बंद करा. नाहीतर टॅक्सी त्यांची की एस.टी. आपली, हे कळायचं नाही.